पाच रविवार

३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही, ते वाचता वाचताच तू पत्र बाजूला ठेवशील. म्हणून कामाचं आधी. घरी कुत्री आली आहे. शनिवारी आली. पिल्लू नाही, चांगली सहा-सात वर्षांची, जनावरांच्या संस्थेतून आणलेली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज पोचल्याच्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र, तेही पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. घरात दुसरा कागद नाही, आणि आणायला जायचं तर चपला घालाव्या लागतील. हल्ली मला चपला घालायचाही कंटाळा येतो.

मुकादमाच्या जागी आणली असं मनातही आणू नकोस. चौदा वर्षं काउंटरखाली शेपटी आपटत बसून लाँड्री तोच चालवत होता, आम्ही नुसत्या इस्त्र्या फिरवत होतो. त्याची जागा रिकामीच आहे. ही तिथे बसतसुद्धा नाही. कपड्यांच्या फडताळामागे भिंतीला चिकटून बसते आणि आपण तिथे नाहीच असं दाखवते. भुंकत नाही. कुणी बघत असेल तर खात नाही. ताटली ठेवून मी पाठ फिरवते, मग मागून चपचप ऐकू येतं. डावा कान वरून फाटलेला आहे आणि पाठीवर हाताच्या पंजाएवढ्या जागी केसच नाहीत. कुणीतरी तिला संस्थेच्या फाटकाला बांधून गेलं होतं. सोबत ना चिठ्ठी, ना नाव.

सहा आठवडे ती आपल्याकडे पाहुणी म्हणून राहणार. हा संस्थेचा नियम आहे. जमलं तर फॉर्मवर सह्या करून कायमची, नाही जमलं तर त्यांची गाडी येऊन घेऊन जाणार. शेवटचा दिवस अकरा एप्रिल. म्हणून तिला पाहुणीच म्हणतो.

आईचं मत विचारशील तर, "मला विचारलं होतंस का?" एवढंच म्हणाली. आणि मग, "मी आता पुन्हा कुणाचा शेवट बघणार नाही. तुझी कुत्री, तूच बघ." त्यानंतर माझ्याशी दोन दिवस अबोला. तुम्हा दोघांचा स्वभाव कुठून आलाय ते मला माहीत आहे.

एवढंच. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

ताई


९ मार्च, सोमवार

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला चार दिवस लागतात, म्हणजे यायला अजून वेळ आहे, अशी मी माझी समजूत घातली आहे.

लाँड्रीत वाफेला भिणारी कुत्री आणण्याचा मूर्खपणा माझ्याशिवाय कोण करणार? पहिल्याच दिवशी मी वकीलसाहेबांचा शर्ट टेबलावर घेतला, वाफेचं बटण दाबलं, फुस्स झालं आणि पाहुणी फडताळामागून निघून थेट मोरीत. बादलीमागे तोंड खुपसून थरथरत होती, आणि तिथेच लघवी केली. मी जवळ गेले तर आणखी चेपली. संस्थेच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाठीवरचा डाग पाहिलात ना, कुणीतरी उकळतं पाणी टाकलं असणार. आवाज ऐकला की तिला तेच आठवत असेल. मग म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं, पण तुमचा धंदा मला ठाऊक नव्हता." माझा धंदा त्यांना ठाऊक होता. मीच त्यांना दर वर्षी कपडे नेऊन देते. पण मी वाद घातला नाही, वाद घालायला माणूस ताजातवाना असावा लागतो.

मग मी माळ्यावरून बाबांची जुनी इस्त्री काढली. ती जाड लोखंडाची, वाफ नसलेली. पाणी हाताने शिंपडायचं, कपडा गुंडाळून ठेवायचा, मुरला की दाबून इस्त्री. बाबा दिवसाला साठ शर्ट काढायचे. माझे पंचवीस झाले की उजवा खांदा गळून पडतो. तूही एकदा ती उचलून पाहिली होतीस, "ताई, ही इस्त्री आहे की लिफ्टचं वजन?" म्हणाला होतास. लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी तेव्हा तुला लागलीही नव्हती, पण डोक्यात तेच होतं.

कामं मागे पडली आहेत. वकीलसाहेब काल येऊन गेले. "बाई, कोर्टात चुरगळलेला उभा राहू का?" मी म्हटलं, कुत्रीला वाफेची भीती वाटते. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग फडताळामागे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बुधवारी द्या." चांगला माणूस आहे. दुसऱ्या दोघांनी मात्र कपडे उचलून समोरच्या दुकानात नेले.

मागच्या दाराला तू बसवलेली फळी अजून तशीच आहे. मुकादमाला पायऱ्या उतरताना त्रास व्हायचा म्हणून नोकरीच्या गावी जाताना शेवटच्या दिवशी सामान बांधायचं सोडून तू ती ठोकत बसला होतास. पाहुणी फळीवर पाय ठेवत नाही. तिन्ही पायऱ्या एका उडीत पार करते, अंगणात दोरीखालून फिरते, आणि मुकादमाला पुरलंय त्या खांबापाशी बराच वेळ हुंगते. मी हाक मारत नाही. हुंगू दे.

तिचं एक राखाडी ब्लँकेट आहे, संस्थेतून सोबत आलेलं. त्याला कुणी हात लावलेला चालत नाही. परवा सवयीने मी ते धुवायला उचलणार होते. ती पहिल्यांदाच गुरगुरली. मी सोडून दिलं.

ताई


१९ मार्च, गुरुवार

धाकट्या,

आज संस्थेच्या बाई पाहणीला आल्या होत्या. हातात वही, गळ्यात चष्मा. घरभर फिरल्या, मोरी पाहिली, अंगणाचं कुंपण हलवून पाहिलं. आईने त्यांना चहा दिला आणि मग मी इकडे नसताना त्यांच्याकडे माझी तक्रार केली. "हिचं वय बावन्न. सकाळी सहापासून उभी असते. माझं हिला बघावं लागतं, दुकानाचं बघावं लागतं, त्यात ही. दमलेल्या माणसाच्या गळ्यात तुम्ही आणखी एक दमलेलं कशाला बांधता?" मी दारामागून सगळं ऐकलं. बाई म्हणाल्या, "आजी, दमलेल्यांचंच जमतं कधीकधी. उत्साही माणसं महिन्याभरात परत आणून सोडतात."

आईला हे उत्तर आवडलं नाही, पण लक्षात राहिलं असावं. संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे बटणांचा डबा घेऊन बसली होती. तुटलेल्या बटणांच्या जागी तशीच दुसरी शोधायची, तिचं ठरलेलं काम. डबा खुळखुळला आणि पाहुणी फडताळामागून बाहेर आली. हळूहळू, पोट जमिनीला लावून, ब्लँकेट तोंडाने ओढत. आईपासून दोन हातांवर बसली. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "या पाहुणीबाई. चार भोकांचं पांढरं शोधतेय, दिसलं तर सांगा." त्यानंतर अर्धा तास दोघी तशाच. मी शर्ट दाबत होते. खूप दिवसांनी घरात कुणीतरी माझ्याशी न बोलता बसलंय आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये, असं झालं.

मग आईने हात लांब करून त्या राखाडी ब्लँकेटचा कोपरा उलटून पाहिला. पाहुणी काही बोलली नाही. आईने कोपरा परत नीट ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपडे मोजत होते.

तुला पत्र लिहिलंय का, असं तिने विचारलं. हो म्हटलं. "सगळं लिहिलंस?" हो म्हटलं.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते. हे पत्र दोनदा फाडून झालंय, तिसऱ्यांदा फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे. दुकान लवकर बंद केलं.

आधी त्या पाच रविवारांचं. मुकादम गेला तो बुधवार होता. त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय हे डॉक्टरांनी पंधरा दिवस आधीच सांगितलं होतं. तेही तुला सांगितलं नाही. बुधवारी सकाळी तो उठलाच नाही. आईला ताप होता. मी एकटीने त्याला चादरीत घेऊन रिक्षापर्यंत उचलून नेलं, बावीस किलो. डॉक्टरांनी विचारलं, थांबायचंय की इंजेक्शन द्यायचं? मी म्हटलं, द्या. त्याचं डोकं माझ्या हातावर होतं. तुला फोन करावा असं तेव्हा मनात आलं होतं. पण तू म्हणाला असतास, थांब, मी येतो, आणि तुला यायला दोन दिवस लागले असते, आणि त्याला ते दोन दिवस काढायला लावायची माझ्यात ताकद नव्हती. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकते.

पुढचं नाही करता येत. रविवारी तुझा फोन आला. तू नेहमीसारखं विचारलंस, "मुकादम काय म्हणतोय?" आणि मी म्हटलं, "मजेत आहे, अंगणात बसलाय." तोंडातून निघून गेलं. पुढच्या रविवारी म्हटलं, आज अर्धं अंडं जास्त खाल्लं. त्याच्या पुढच्या रविवारी तू म्हणालास, फोन त्याच्या कानाला लाव, आणि मी फोन तसाच हवेत धरून उभी राहिले. तू पलीकडून शीळ घालत होतास. आई बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

असे पाच रविवार. मग तू त्याच्या गुडघ्याच्या नव्या गोळीचं विचारायला डॉक्टरांना फोन केलास, आणि त्या बिचाऱ्यांनी सांगून टाकलं.

का केलंस, असं तू त्या शेवटच्या फोनवर ओरडून विचारलंस. मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. ते खोटं होतं. तुझ्या त्रासाचा मी विचारच केला नव्हता. खरं सांगू? तू गेल्यापासून दर रविवारी फोन करायचास तो त्याच्यासाठी. माझी चौकशी दोन वाक्यांत आटपायची, आईची तीन वाक्यांत, आणि मग दहा मिनिटं मुकादम. मला वाटलं, मुकादम गेला हे सांगितलं की फोनही जाईल. मला आठवडाभर एवढीच गोष्ट असायची, रविवारी अकराला वाजणारा फोन. तो वाचवायला मी मेलेला कुत्रा पाच आठवडे जिवंत ठेवला. आणि शेवटी तेच झालं. फोन गेलाच.

मला तुझा रागही आला होता. अजूनही आहे थोडा. तू कुत्रा ठेवून गेलास, आई ठेवून गेलास, दुकान ठेवून गेलास. तिकडे लिफ्टमधून वरखाली करत होतास आणि इथे औषधं, पट्टे, लघवीच्या चादरी सगळं माझ्याकडे. पण त्या रागाची आणि या खोटेपणाची मी एकत्र धुलाई करणार नाही. खोटं माझं आहे.

आता दुसरं. ब्लँकेट.

शेवटच्या फोनवर तू एकच गोष्ट मागितलीस. त्याचं ब्लँकेट ठेव, मी आलो की नेईन. आणि मी म्हटलं, ते त्याच्याबरोबर पुरलं. नाही पुरलं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, आणि माझ्या हातांनी ते उचललं, गरम पाण्यात सोडा घालून भिजवलं, दोनदा खळबळलं, वाळत घातलं. मी काय करतेय हे मला कळलंच नाही. आयुष्यभर मळकं दिसलं की उचलायचं, एवढंच या हातांना येतं. वाळल्यावर नाकाला लावलं तर त्याला कशाचाच वास नव्हता. आई रडली. म्हणाली, "अगं, वास तरी ठेवायचास त्याचा."

तुला हे सांगायची मला लाज वाटली. धुतलेलं कोरं ब्लँकेट तुझ्या हातात कसं देऊ? म्हणून पुरलं म्हटलं. आणि ते घडी करून वरच्या फडताळात टाकलं, कुणी न नेलेले कपडे ठेवतो तिथे. यंदा फेब्रुवारीत आपल्या रिवाजाप्रमाणे वर्षभर पडून राहिलेला गठ्ठा मी संस्थेत नेऊन दिला, जनावरांना अंथरायला. ब्लँकेट त्या गठ्ठ्यात गेलं. मी तपासलं नाही. घरी आल्यावर फडताळ रिकामं दिसलं तेव्हा कळलं.

दहा दिवस तशीच बसले. मग परत गेले. धाकट्या, मी कुत्री आणायला गेलेच नव्हते. मी ब्लँकेट मागायला गेले होते. पिंजऱ्यांच्या ओळीतून बघत गेले आणि शेवटच्यात ते दिसलं. कोपऱ्यावर आपल्या शाईची खूण, तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. तू आठवीत असताना मुकादमाला लाँड्रीचं गिऱ्हाईक करून वहीत काढलेली. त्यावर ही बसली होती. बाईंनी दार उघडून तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठेना. बिस्कीट दाखवलं, उठेना. बाई म्हणाल्या, आल्यापासून ही काही धरून बसली असेल तर हे ब्लँकेट. ओढून घेता आलं असतं. ती चावणारी नाही. मग मीच म्हटलं, "दोन्ही द्या."

तर असं आहे. आता त्याला पाहुणीचा वास आहे. मी धुतलेलं नाही, धुणारही नाही.

ताई


२ एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

सोबत फॉर्म आहे. हरवू नकोस, एवढंच आधी.

बाईंनी काल आणून दिला. "घरातील सर्व प्रौढ व्यक्तींची नावे व सह्या." मी माझं लिहिलं, आईचं लिहिलं. आई म्हणाली, तिसरं लिही. मी म्हटलं, आई, तो इथे राहत नाही. ती म्हणाली, "राहत नाही म्हणजे घरातला नाही? तो नाही घरातला, मग कुणाच्या घरातला?" बाई मध्ये पडल्या, की नाव लिहिलं तर सही लागेल, नाहीतर फॉर्म अपुरा. नंतर खाडाखोड चालत नाही, नावच लिहू नका. आई म्हणाली, त्याच्या नावाशिवाय मी सही करणार नाही. आणि जी आई महिन्यापूर्वी "तुझी कुत्री, तूच बघ" म्हणत होती तिने तुझं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर थरथरलंय, समजून घे.

मी तिला आत नेऊन म्हटलं, त्याने सही केली नाही तर पाहुणी जाईल. तुला कळतंय का ते? म्हणाली, कळतंय. म्हणाली, "तू त्याच्यापासून एक मरण लपवलंस. आता एक येणं त्याला न विचारता करायचं का?"

बाई नियमाच्या पक्क्या आहेत. अकरा तारखेला, शनिवारी, दुपारी दोन वाजता येतील. फॉर्म पुरा असेल तर फॉर्म नेतील, नसेल तर पाहुणीला.

तुझी सही मला येते, हे तुला माहीत आहे. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू माझ्याकडून करून घ्यायचास, तुझी त्यापेक्षा सोपी आहे. काल पावतीच्या मागे तीनदा करून पाहिली. तिसरी तर खोटी आहे हे तुला स्वतःलाही ओळखता आलं नसतं. मग कागद पाण्यात टाकला. म्हणून फॉर्मच पाठवतेय. काय व्हायचं ते होऊ दे, पण खरं होऊ दे.

मी तुला माझ्यासाठी सही कर म्हणत नाही. मला माफ केलंस असा त्याचा अर्थ मी काढणार नाही, पाहिजे तर तसं लिहून देते. पण ती आता फडताळामागे बसत नाही. सोमवारपासून ती दुकानाच्या उंबऱ्यात बसते. वकीलसाहेब आले की शेपटी एकदा, फक्त एकदाच, जमिनीवर आपटते. परत त्या पिंजऱ्यात जायचं म्हणजे काय, हे तिला दुसऱ्यांदा शिकावं लागेल. मला तिची सवय झाली आहे. मला ती हवी आहे, धाकट्या. इतकं काही मला बऱ्याच वर्षांत हवं वाटलं नव्हतं.

ताई


११ एप्रिल, शनिवार

धाकट्या,

फॉर्म काल दुपारी पोचला. पोस्टमनने हातात दिला तेव्हा मी पाणी शिंपडत होते, पाकिटावर डाग पडलेत.

आधी पत्र शोधलं. पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. पत्र नव्हतं. फॉर्म होता, त्यावर तुझी सही होती. मी खाली बसले. आई विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी पुन्हा पाकीट झटकत होते, तर तिला वाटलं तू नाही म्हटलंस. तिने पाहुणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं. मग मी फॉर्म तिच्यापुढे धरला.

शेवटी "अट असल्यास" असा रकाना आहे, तो मी पाहिलाही नव्हता. त्यात तू लिहिलेलं आईनेच वाचलं, मोठ्याने, भिंगातून, एकेक शब्द.

"आजारी पडली तर त्याच दिवशी कळवणे."

आई म्हणाली, "बरोबर लिहिलंय." आणि बटणांचा डबा घेऊन बसली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. चांगलं दोनदा धुतलं.

आज दोन वाजता बाई आल्या. गाडी घेऊनच आल्या होत्या, तयारीने. फॉर्म वाचला, अटीपाशी थांबल्या. "हे कुणासाठी आहे? संस्थेला कळवायचं का?" मी म्हटलं, "नाही. ते माझ्यासाठी आहे." त्यांनी वही मिटली. गाडीतून एक नवा पट्टा काढून दिला आणि रिकामी गाडी घेऊन गेल्या. गाडीचा आवाज जाईपर्यंत पाहुणी माझ्या पायांमागे उभी होती.

तू शब्द लिहिलेस ते सहा. चौदा महिन्यांनी. मी सगळे जपून ठेवले आहेत.

अट मान्य आहे.

ताई


२३ एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

सकाळी साडेनऊ वाजलेत. पाहुणी आजारी पडली आहे.

घाबरू नकोस. तिने साबणाची वडी खाल्ली. आख्खी नाही, अर्धी. कपड्यांची टोपली आत घेईपर्यंत तिने मोरीत जाऊन कार्यभाग उरकला, आणि मग दुकानाच्या मधोमध उभी राहून फेस ओकली. तीनदा. वकीलसाहेबांच्या बुटावरसुद्धा. ते म्हणाले, "बाई, निदान स्वच्छ तरी आहे." मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले, आत्ताच परत आलो. ते म्हणाले, काही होणार नाही, पाणी पाजत राहा, संध्याकाळपर्यंत ठीक होईल. आता ब्लँकेटवर पडली आहे. आई तिच्याजवळ बसून तिला शिव्या देतेय.

म्हणजे तसं काही नाही. पण आजारी पडली तर आहेच. मी मघापासून विचार करतेय की हे मोजायचं की नाही. अर्ध्या वडीसाठी माणसाला कशाला त्रास द्या, रविवारपर्यंत थांबू, बरी झाली की सांगू, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. अगदी तसंच, त्याच क्रमाने, जसं तेव्हा आलं होतं. म्हणून लिहायला बसले.

आणि लिहिता लिहिता लक्षात आलं. पत्र पोचायला चार दिवस लागतात. तू "त्याच दिवशी" लिहिलं आहेस. तू लिहितानाच हे तुझ्या लक्षात आलं असेल का? लिफ्टवाला माणूस आहेस, किती वेळ लागतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हे पत्र टाकत नाही. आईने फोन माझ्या पुढ्यात आणून ठेवलाय आणि पाहुणीला सांगतेय, "गप पड, तुझ्या मामाला फोन लागतोय." हात ओले आहेत, पुसते आणि लावते. आज रविवार नाही आणि अकराही वाजलेले नाहीत, तुला वाटेल कुणाचं काय झालं. उचल. जे झालंय तेच सांगेन.

ताई